भट्टीवाल्याचा शब्द

मेकनेसच्या जुन्या शहरात सोयरीक जुळवायची असली की मुलाकडची माणसं आधी मुलीच्या घरी जात नाहीत, भट्टीवर जातात. गल्लीतल्या प्रत्येक घरची कणीक रोज सकाळी फळीवर, फडक्याखाली झाकून भट्टीवाल्याच्या हाती येते. कुणी कणीक मन लावून मळली, कुणी उरकून टाकली, कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या घरात वाजलं म्हणून चार रोटांऐवजी दोनच आले, हे त्याला न विचारता कळतं. काझीला कळणार नाही ते भट्टीवाल्याला कळतं, आणि काझीपेक्षा त्याचा शब्द जास्त चालतो.

थामी चौदा वर्षं ही भट्टी चालवत होता. या चौदा वर्षांत त्याने कुणाबद्दल वाईट शब्द काढला नव्हता. भट्टीवाले काढतच नाहीत, त्यांची रीत ठरलेली असते. घर चांगलं असेल तर भट्टीवाला हातातलं लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवतो आणि तोंड भरून कौतुक करतो. नसेल तर काम न थांबवता म्हणतो, "अल्लाह सोपं करो." बस्स, एवढंच. दारच्या भिकाऱ्याला रिकाम्या हाताने वाटेला लावताना म्हणतात तेच हे शब्द. विचारायला आलेली बाई काय समजायचं ते समजते आणि निघून जाते. कुणाच्या नावाला बट्टा लागत नाही, पण सोयरीक तिथल्या तिथे मोडते.

अशा इमानदार माणसाने गल्लीपासून एक गोष्ट मात्र लपवली होती. त्याला फेफरं यायचं. अझ्रूजवळच्या डोंगरातल्या त्याच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणिसाव्या वर्षी तो आठवड्याच्या बाजारात, मेंढरांच्या दावणीत पडला, तेव्हापासून गावाने त्याला जिनाने धरलेला ठरवून टाकलं. बापाने एका पिराच्या दर्ग्यात चाळीस दिवस ठेवला. तिथून परत आल्यावर लोक त्याच्याशी प्रेमाने बोलायचे, पण त्याच्या ताटातलं कुणी खायचं नाही. ते प्रेम सहन होईना म्हणून तो शहरात आला. इथे एका डॉक्टरने गोळ्या दिल्या, हळूहळू झटके थांबले, आणि त्याने मनाशी ठरवलं की तो डोंगरातला थामी मेला. राब्हाशी लग्न करतानाही त्याने सांगितलं नाही. तिला कळलं ते लग्नानंतर. दोन दिवस ती रडली, तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गोळी स्वतःच्या हाताने त्याच्या तळव्यावर ठेवू लागली.

सहा वर्षं एकही झटका आला नाही. आणि या हिवाळ्यात, गोळी एकदाही चुकलेली नसताना, झटका परत आला. पहाटे नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करताना थामी मोरीतच आडवा झाला. पंधरा दिवसांनी भट्टीच्या तोंडाशी नुसताच एक क्षण हरवला. भानावर आला तेव्हा मनगट भट्टीच्या लोखंडी दाराला चिकटलेलं. लोकांना सांगितलं, घाई केली, भाजलं. लोकांनी मानलंही, भट्टीवाल्याचे हात भाजतातच.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या चुकवता का?"

थामी म्हणाला, नाही. बाईंनी परत विचारलं. मग राब्हाकडे बघून तेच विचारलं, तेव्हा थामीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चोरी न करता झडती द्यावी लागते तशी त्याची गत झाली. चुकवली असती तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटून गेलं, निदान चूक कुठे झाली ते सांगता आलं असतं. बाईंनी दुसरी एक गोळी वाढवून दिली आणि सांगितलं की काही जणांना औषध घेऊनही झटके येतात, यात त्यांचा दोष नसतो. आगीपासून, पाण्यापासून, उंचीपासून लांब राहा. काम काय करता?

"पावाचं दुकान आहे," थामी म्हणाला. राब्हा जमिनीकडे बघत राहिली.

गल्लीच्या टोकाला लल्ला हनियाचं, म्हणजे हनियाबाईंचं, घर होतं. नवरा चामड्याच्या सपाता शिवायचा आणि महिन्यातले वीस दिवस फेझला कामावर असायचा. घरी ती आणि मुलगी बदिया, दोघीच. बदिया चोवीस वर्षांची, जेलाबा नावाच्या पायघोळ झग्यांवर कलाबतूचं काम करणारी, हात भारी सफाईदार. त्या वसंतात ताझा शहरातल्या एका मुलाचं स्थळ तिला आलं होतं. मुलगा पोस्टात होता. बदियाने त्याला दोनदा पाहिला होता आणि तो बोलायच्या आधी हसतो, एवढंच ती आईला म्हणाली होती. पण ते सांगताना ती स्वतःही हसली, म्हणून हनियाला काय ते कळलं. मुलाकडची माणसं शुक्रवारी तारीख पक्की करायला येणार होती.

त्या मंगळवारी हनियाने गोड भाजायला पाठवलं. बदामाची बिस्किटं, तिळाचे लांब तुकडे, तीन मोठे ट्रे भरून. एरवी ज्याची फळी तोच उचलून नेतो, पण हे सोयरिकीचं गोड होतं आणि बदियाला थामीने दहा वर्षांची असल्यापासून पाहिली होती. दुपारी भट्टी जरा शांत झाल्यावर तो स्वतः एकावर एक ट्रे घेऊन निघाला. हनियाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, "घ्या, लल्ला, तोंड गोड करा," एवढं म्हणाला, आणि पुढचं त्याला आठवत नाही.

जे घडलं ते असं. थामी ट्रेसकट कोसळला. अंग ताठ झालं, मग हातपाय झडू लागले, तोंडाला फेस आला. हनियाने पायाने दार लोटून घेतलं, म्हणजे कुणी बघू नये. आपल्याकडे फेफरं आलेल्याला कांदा हुंगवतात, तिकडे त्याच्या मुठीत लोखंडी किल्ली देतात. हनियाच्या घरची किल्ली नेमकी नवरा फेझला घेऊन गेलेला. म्हणून बदिया गल्लीत पळत सुटली आणि शेजारच्या फत्तूमाच्या दारावर थापा मारून म्हणाली, "मावशी, किल्ली दे, लवकर." फत्तूमाने किल्ली दिली. कुणासाठी, ते विचारायला तिने तोंड उघडेपर्यंत बदियाने दार आतून लावून घेतलं होतं.

थामी शुद्धीवर आला तेव्हा तो चटईवर होता, मुठीत परकी किल्ली, अंगाखाली बिस्किटांचा चुरा, आणि पायजमा ओला. त्याने पहिल्यांदा तो ओलेपणा जाणला, मग समोरच्या दोन बायका पाहिल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. हनियाने नवऱ्याचा धुतलेला पायजमा त्याच्या बाजूला ठेवला आणि मुलीला घेऊन आत गेली. थामी तो बदलून दाराशी आला, पण त्याला मान वर करता येईना.

"लल्ला, हे बाहेर गेलं तर माझी भट्टी गेली," तो म्हणाला. "झटके येणाऱ्याच्या हातचा रोट कोण खाणार?"

"कुठे जाईल?" हनिया म्हणाली. "विहिरीत टाकलं समजा."

बदिया मागे उभी राहून चुरा झाडत होती. म्हणाली, "थामीकाका, तुम्ही जा. बिस्किटं काय, परत करू." ती इतक्या साधेपणाने म्हणाली की थामीला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून तो घाईने निघाला.

दोघींनी शब्द पाळला. नेमकी तिथेच खोच होती. फत्तूमाने दुसऱ्या दिवशी किल्लीचा विषय काढला तर हनिया म्हणाली, ते काही नाही. मुलीने भर दुपारी धापा टाकत किल्ली मागितली आणि मग आई ते काही नाही म्हणाली, तर शेजारीण काय ते समजायला मोकळीच. घरात माणसं दोनच. त्यातली आई ठणठणीत, म्हणजे झटका येतोयसं वाटून मुलगी स्वतःसाठीच किल्ली न्यायला पळाली असणार. फत्तूमा वाईट बाई नव्हती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिने कुणाला सांगितलं नाही, फक्त हमामात आंघोळ घालणारीजवळ हळहळली.

गुरुवारी सकाळी मुलाची आत्या, याच शहरात राहणारी, हज करून आलेली हाज्जा तामो, भट्टीवर आली. करड्या रंगाचा जेलाबा, हातात जपमाळ, आणि नजर अशी की समोरच्याचे खिसे आपोआप उलटे व्हावेत. तिने एक गरम रोट मागितला, तो वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला, भट्टीतल्या बायका निघून जाईपर्यंत उगाच चिल्लर शोधत राहिली. मग सरळ विचारलं, "हनियाच्या मुलीला फेफरं येतं का हो? मंगळवारी कुणासाठी तरी किल्ली मागत फिरत होत्या म्हणे."

थामी खड्ड्यात उभा होता, कमरेपर्यंत जमिनीखाली, समोर भट्टीचं तोंड. चार शब्द पुरले असते. मुलीला नाही, मला येतं. जिभेवर होते. पण त्याच वेळी त्याला मेंढरांची दावण दिसली, दर्ग्याची भिंत दिसली, आणि भट्टीच्या बाहेर एकही फळी नसलेला ओटा दिसला. त्याने फावडं आत सारलं. एक रोट फिरवला. तो फिरवायची काही गरज नव्हती.

"अल्लाह सोपं करो," तो म्हणाला.

हाज्जा तामो "अल्लाह तुमचं भलं करो" म्हणून निघून गेली. थामीने दिवसभर स्वतःला समजावलं की आपण खोटं बोललो नाही. मुलीचं नाव घेतलं नाही, होय म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत हे त्याने इतक्यांदा म्हटलं की राब्हाने विचारलं, कुणाशी बोलताय?

शुक्रवारी पाहुणे आले नाहीत. निरोप आला की मुलाच्या वडिलांची तब्येत बरी नाही, पुढच्या शुक्रवारी बघू. याचा अर्थ काय ते गल्लीतल्या मांजरांनाही कळलं. पुढच्या शुक्रवारी दिलेल्या वस्तू परत न्यायला माणूस येणार, एवढंच बघायचं शिल्लक होतं.

सोमवारी हनिया फळी घेऊन स्वतः आली. नेहमी बदिया यायची. फळी ठेवून ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि हळू आवाजात बोलली. किल्लीची गोष्ट पसरली आहे. तुझ्या मुलीला काय आहे असं तिला दोघींनी विचारलंय. बदिया जेवत नाही. नवऱ्याला अजून काही कळवलेलं नाही.

"मी शब्द दिलाय, सी थामी, मी बोलणार नाही," ती अदबीचा 'सी' लावून म्हणाली. "तुम्ही बोला. त्या हाज्जाला जाऊन एकदा सांगा."

आपण हाज्जाला काय म्हणालो होतो, हे हनियाला ठाऊक नव्हतं. थामीने मान हलवली. जातो म्हणाला. उद्याच जातो.

मंगळवारी सरपण आलं, जाणं राहिलं. बुधवारी राब्हाला सांगितलं तेव्हा तिने परातीतला हात बाहेर काढला नाही. "सांगा आणि मग खा वारा," ती म्हणाली. "त्या मुलीला हे नाही तर दुसरं स्थळ मिळेल. तुम्हाला दुसरी भट्टी कोण देणार?" थोड्या वेळाने परातीकडे बघतच म्हणाली, "माझ्याही वेळी कुणीतरी तुमच्याबद्दल विचारलंच असेल ना? तेव्हाही कुणी बोललं नाही." ती हे रागाने म्हणाली की कशाने, ते थामीला कळलं नाही, आणि विचारायचा त्याला धीर झाला नाही.

गुरुवारी दुपारी तो गेला. हाज्जा तामोने त्याला बसवलं, पुदिन्याचा चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. त्याने गावाचं सांगितलं, दर्ग्याचं सांगितलं, ट्रेचं सांगितलं, मनगटावरचा डाग दाखवला. ओल्या पायजम्याचंही सांगितलं, कारण त्याशिवाय ते खरं वाटणार नाही असं त्याला वाटलं. हाज्जाने पेला खाली ठेवला.

"मग मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"हनियाने पाठवलंय तुम्हाला," हाज्जा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट जरा कौतुकच होतं. "शेजारधर्म चांगला आहे, सी थामी. पण चौदा वर्षं आगीसमोर उभा असलेला माणूस फेफऱ्याचा, हे मी ताझात कुणाला सांगू? त्या दिवशी तुम्हाला कुणी शिकवून पाठवलं नव्हतं. तुमच्या तोंडून तेव्हा जे निघालं, ते मी धरून चालते."

त्याने शपथ घेतली. हाज्जा म्हणाली, खोटी शपथ डोक्यावर घेऊ नका, चहा घ्या. तो चहा त्याने संपवला. का संपवला, ते त्याला नंतर कधीच समजलं नाही. शुक्रवारी माणूस आला आणि कापडाचे दोन तागे, मेंदी आणि साखरेचा शंकू घेऊन गेला.

शनिवारी सकाळी, भट्टी भरलेली असताना, थामीने फावडं भिंतीला टेकवलं. ओट्यावर दहा-बारा बायका होत्या, फत्तूमा होती. त्यांना वाटलं, कुणाचं तरी कौतुक होणार. तो म्हणाला, "फेफरं मला येतं. बदियाला काही नाही. ती किल्ली माझ्यासाठी मागितली होती. मी गोळ्या घेतो, तरी येतं." एवढं बोलून तो उभा राहिला.  आता फळ्या उचलल्या जातील, एकेक करून, याची तो वाट बघू लागला.

फत्तूमाने आधी तोंडावर हात ठेवला, मग गालावर चापट मारून घेतली, आणि किल्ली परत आली तेव्हा तिला पिठूळ वास येत होता तरी माझ्या टाळक्यात शिरलं नाही, म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या. एका म्हातारीने विचारलं, मग भट्टीत पडलात तर आमच्या रोटांचं काय होणार? कुणीतरी फसकन हसलं. तिनेच मग ठरवून टाकलं की राब्हाचा भाऊ रिकामाच हिंडतो, त्याने आगीशी उभं राहावं आणि थामीने वर ओट्यावर बसून फळ्या सांभाळाव्यात. तीन घरांच्या फळ्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. बाकी सगळ्या आल्या. चौदा वर्षं ज्याला तो भीत होता, ते एका सकाळीत आटोपलं. ते इतकंसंच होतं, हे कळून थामीला हलकं वाटायला हवं होतं. उलट त्याला साखरेचा शंकू परत घेऊन जाणारा माणूस आठवला.

त्याच दुपारी बदिया आली, मोकळ्या हातांनी. डोळ्यांखाली काळं आलं होतं. आईने सांगितलं, तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, ती म्हणाली. आभार मानायला आले. मग गेली नाही, फळ्यांच्या रांगेकडे बघत उभी राहिली.

"थामीकाका, हाज्जा आधी इथे आली होती ना? विचारायला?"

"आली होती."

"तुम्ही काय म्हणालात?"

नाही म्हणता आलं असतं. काहीच बोललो नाही असंही म्हणता आलं असतं, आणि तिने मानलं असतं. थामी तिच्या हातांकडे बघत होता. बोटांवर सुईचे बारीक टोचे होते.

"म्हणालो, अल्लाह सोपं करो."

बदिया याच गल्लीत वाढलेली. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिने मान हलवली, जणू कुणी तिला रस्ता सांगितला आणि तो तिला कळला.  "येते," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी हनियाची फळी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी थामी ओट्यावर बसला असताना बदिया समोरून गेली. फळी कमरेवर, फडकं नीट खोचलेलं, पलीकडच्या वेशीजवळच्या भट्टीकडे. फत्तूमाने तिला मध्येच हटकलं. काय गं, इतक्या लांब? थामीच्या रोगाला भ्यालात की काय? तुम्हीच तर त्याला चटईवर झोपवला होता.

 सांग, थामीच्या मनात आलं, सांगून टाक सगळ्यांना.

"छे गं, मावशी," बदिया म्हणाली. "मला शिवणाच्या कारखान्यात तिकडनंच जावं लागतं. जाता जाता टाकते." मग तिने ओट्याकडे वळून, सगळ्यांदेखत, नेहमीसारखा सलाम केला आणि पुढे गेली.

त्या घराने दुसऱ्यांदा त्याला झाकलं होतं. थामी सलामाला उत्तर द्यायचं विसरून ती गेली त्या वाटेकडे टक लावून बघत राहिला. शेजारी बसलेली म्हातारी त्याला निरखून बघत होती. तिने घाईघाईने कनवटीची किल्ली काढली आणि त्याच्या मुठीत दाबली.

"येतोय का?" तिने विचारलं.

"नाही," थामी म्हणाला, "झटका नाही हा." पण किल्ली परत द्यायला त्याची मूठ उघडेना.